मोटारीतलं गाणं आणि समोरचा रस्ता

आज मी तुमच्याशी एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूबद्दल बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे मोटारीतला टेप. आता त्यात टेप उरलेली नाही, कॅसेट नाही, बऱ्याचदा सीडीसुद्धा नसते. पण आपल्या तोंडी शब्द मात्र तोच राहिला आहे. 'टेप लाव रे', 'टेपचा आवाज कमी कर', असंच आपण म्हणतो. दुकानदार त्याला स्टीरिओ म्हणतो किंवा डेक म्हणतो. नाव काहीही असो. या वस्तूपायी माझ्या हातून एका माणसाला धडक बसता बसता राहिली. म्हणून ती क्षुल्लक आहे, असं मला आता वाटत नाही.

माझ्याकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. पंधरा वर्षं झाल्यावर २०१९ मध्ये तिचं पुन्हा पासिंग करून घेतलं, त्यानंतर २०२४ मध्ये आणखी एकदा. गाडी विकावी असं घरातल्या सगळ्यांचं म्हणणं आहे आणि ते बरोबरही आहे. पण इंजिन अजून कुरकुरत नाही, पत्रा गंजलेला नाही, आणि आम्हा दोघांना बाजारहाटाला आणि अधूनमधून गावाकडे जायला यापेक्षा मोठी गाडी लागतही नाही. २०२४च्या पासिंगच्या वेळी मी हौसेनं एकच गोष्ट केली. कॅसेटचा जुना डेक बंद पडला होता, तो काढून नवा बसवून घेतला. दुकानात तो फार रुबाबदार दिसत होता. समोरचा भाग काचेसारखा गुळगुळीत, निळे दिवे, गाण्याच्या तालावर वरखाली नाचणाऱ्या पट्ट्या. 'काका, एकदम लेटेस्ट आहे,' असं दुकानातला मुलगा म्हणाला आणि मी पैसे मोजले.

त्याच पावसाळ्यातली गोष्ट. कोरेगावहून साताऱ्याकडे परतत होतो. संध्याकाळची वेळ, झिमझिम पाऊस, वेग साठाच्या आसपास. रेडिओवरचं गाणं संपलं आणि एकदम जोरात जाहिरात सुरू झाली. आवाज कमी करायचा म्हणून हात पुढे केला. जुन्या डेकला एक गोल बटण होतं, ते न बघता सापडायचं. नव्याला फिरवायचं बटणच नव्हतं. गुळगुळीत काचेवर कुठे तरी एक अधिक आणि एक उणे अशी दोन बारीक चिन्हं होती. ती शोधायला मी खाली पाहिलं. चुकून स्टेशन बदललं. पुन्हा पाहिलं. वर मान केली तेव्हा समोर, अगदी समोर, दुधाच्या किटल्या लावलेली सायकल होती.

ब्रेक दाबला. चाकं घसरली. गाडी सायकलपासून हातभर अंतरावर थांबली. तो माणूस सायकलवरून उतरला, खिडकीशी आला, आत डोकावला. डॅशबोर्डवर निळ्या पट्ट्या नाचतच होत्या. त्यानं शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, 'पाव्हणं, गाडी चालवताय का शिनिमा बघताय?'

मला उत्तर सुचलं नाही. शेजारी बसलेली सौ. घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, 'अहो, त्या गाडीत एक तर तो डबा राहील, नाहीतर मी बसेन. दोघं नाही.'

त्या रात्री मी एक साधं गणित केलं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. दोन सेकंद खाली पाहिलं तर गाडी ३३ मीटर पुढे जाते, आणि तेवढं अंतर ती कुणीच चालवत नसतं. तीन सेकंद पाहिलं तर ५० मीटर. आवाज कमी करण्यासारख्या कामाला तीन सेकंद लागत असतील, तर दोष फक्त चालवणाऱ्याचा म्हणता येणार नाही, वस्तूचाही आहे.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही, हे नंतर कळलं. २०२२ साली स्वीडनमधल्या 'वी बिलएगारे' या मोटारविषयक मासिकानं एक चाचणी घेतली होती. अकरा नव्या मोटारी आणि त्यांच्या जोडीला २००५ सालची एक जुनी व्होल्वो. रेडिओवर ठरावीक स्टेशन लावणं, हीटर सुरू करणं, अशी चार साधी कामं ताशी ११० किलोमीटर वेगानं जाताना करायची. साध्या बटणांच्या जुन्या व्होल्वोत ती सगळी कामं दहा सेकंदांत झाली; तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे पडलेल्या नव्या गाडीत त्याच कामांना जवळजवळ ४५ सेकंद लागले आणि ती सव्वा किलोमीटरहून जास्त अंतर पुढे गेली. युरोपात गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणारी 'युरो एनकॅप' ही संस्थाही आता इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना हाताला लागणारी खरी बटणं असावीत, असा आग्रह २०२६पासूनच्या गुणपद्धतीत धरते आहे. म्हणजे साधेपणा ही केवळ आवडीनिवडीची बाब नाही.

तेव्हा मी ठरवलं, की गाडीला शोभेल असा, साधा, डोळ्यांना न खुपणारा टेप शोधायचा. आणि श्रोते हो, हे वाटतं तितकं सोपं निघालं नाही. त्या शोधात जे शिकलो ते तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात डॅशबोर्डमधल्या त्या चौकोनी भोकापासून करू. ते कुठून आलं? मोटारीत रेडिओ बसवायचे प्रयत्न तसे जुने आहेत. पण व्यापारी यश मिळालं ते १९३० साली, अमेरिकेतल्या शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांना. त्यांनी तयार केलेला रेडिओ स्वतःच्या गाडीत बसवला आणि अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचं संमेलन भरलं होतं तिथवर गाडी चालवत नेली. संमेलनात त्यांना जागा नव्हती, म्हणून गाडी बाहेरच उभी करून मोठ्यानं रेडिओ लावला. त्या रेडिओला नाव दिलं मोटोरोला. मोटार या शब्दावरून केलेलं ते नाव पुढे कंपनीचंच झालं. गंमत म्हणजे आजही आपल्या टेपच्या मागे एरियलची जी जाड पिन घुसते, तिला जगभर मोटोरोला प्लग म्हणतात.

पुढे प्रत्येक गाडीत वेगळ्या मापाचा रेडिओ येऊ लागला. जर्मनीच्या मानक संस्थेनं एक माप ठरवलं : साधारण १८० मिलीमीटर रुंद आणि ५० मिलीमीटर उंच. त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्या मापाला 'डिन' म्हणतात. नंतर ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. जपानी गाड्यांत दुप्पट उंचीचा, म्हणजे १०० मिलीमीटरचा खण रूढ झाला, तो 'डबल डिन'. माझ्या मारुतीत आहे तो 'सिंगल डिन'. हे माप ठरलं म्हणून वीस वर्षांच्या गाडीत आजचा टेप बसतो. कारखान्यातूनच मोठा पडदा बसवलेल्या आजच्या नव्या गाड्यांमध्ये असा वेगळा काढता येईल असा खणच नसतो, हेही लक्षात ठेवा. तुमच्या गाडीत तो खण असेल, तर तुमच्या हातात निवड आहे. तिचं मोल ओळखा.

आता दुकान. मी आधी साताऱ्यातल्या दोन-तीन दुकानांत फिरलो, मग भाच्याला घेऊन पुण्याला नाना पेठेत गेलो. सगळीकडे एकच अनुभव. 'काका, अँड्रॉइड पडदा घ्या, सात इंची.' माझ्या खणात तो मावत नाही म्हटलं, तर फ्रेम कापून बसवून देतो म्हणाले. डॅशबोर्ड कापायचा! भाचा म्हणाला, 'मामा, नकाशा दिसेल, सिनेमा दिसेल.' म्हटलं, बाबा रे, सिनेमा दिसू नये म्हणूनच तर आलोय.

मग मी माझी एक परीक्षा तयार केली. दुकानातला टेप सुरू करायला सांगायचा, त्याच्यासमोर उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. डोळे मिटून तीन कामं करायची : आवाज कमी करणं, आवाज एकदम बंद करणं आणि ठरलेलं दुसरं स्टेशन लावणं. दुकानातली मुलं हसली. हसू द्या. ज्या टेपला ठसठशीत गोल फिरकी आहे, ती दाबली की आवाज बंद होतो, आणि स्टेशनांची सहा बटणं सुटी सुटी, बोटाला वेगवेगळी लागतात, तोच या परीक्षेत पास होतो. मी आठ टेप तपासले. पास झाले दोन.

दुसरी गोष्ट दिव्यांची. रात्री गाडी चालवताना आपले डोळे अंधाराला सरावलेले असतात. त्या अवस्थेत निळा, झगझगीत प्रकाश सर्वांत जास्त त्रास देतो. वय वाढलं की डोळ्यांतलं भिंग थोडं गढूळ होतं, त्यात निळा प्रकाश अधिक पसरतो, आणि समोरचा रस्ता धूसर वाटतो. तांबूस किंवा केशरी प्रकाश त्या मानानं सौम्य. म्हणून जुन्या युरोपीय गाड्यांमध्ये डॅशबोर्डचे दिवे केशरी किंवा तांबडे ठेवण्याची पद्धत होती. शक्य असेल तर दिव्याचा रंग बदलता येणारा टेप घ्यावा आणि तो गाडीच्या मीटरच्या रंगाशी जुळवावा. तेवढ्यानं तो टेप गाडीबरोबरच आलेला वाटतो. रंग बदलता येत नसेल, तर निदान उजेड कमी करता आला पाहिजे. बहुतेक टेपच्या मागे केशरी रंगाची एक तार असते. ती गाडीच्या दिव्यांना जोडली की हेडलाइट लावल्याबरोबर टेपचा उजेड आपोआप मंद होतो. फिटिंग करणारे ही तार बऱ्याचदा तशीच गुंडाळून ठेवतात. विचारून जोडून घ्या.

आणि त्या नाचणाऱ्या पट्ट्या? त्यांचंही गुपित सांगतो. पुष्कळ टेप कारखान्यातून 'डेमो' सुरू ठेवूनच येतात, दुकानाच्या काचेत लक्ष वेधावं म्हणून. सेटिंगमध्ये जाऊन डेमो बंद करता येतो. माहितीपुस्तिकेत ते लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण? मीसुद्धा वाचलं नव्हतं.

आता येऊ या वॅटकडे, कारण सर्वांत जास्त फसवणूक तिथे होते. खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं, '५० वॅट गुणिले ४'. म्हणजे दोनशे वॅट! काही स्वस्त मालावर तर पीएमपीओच्या नावाखाली हजारांत आकडे असतात. हे खरं असू शकतं का, ते आपण शाळेतल्या विज्ञानानं तपासू. इंजिन चालू असताना गाडीतला विजेचा दाब साधारण १४.४ व्होल्ट असतो. स्पीकरचा अवरोध ४ ओहम. दाबाचा वर्ग करून त्याला अवरोधानं भागलं की शक्ती मिळते. १४.४ चा वर्ग सुमारे २०७. भागिले ४, म्हणजे ५२ वॅट. खोक्यावरचे '५० वॅट' ते हेच. पण हे तेव्हाच, जेव्हा टेप पूर्ण ताकदीनं आणि सतत, आवाजाचा आकार पार मोडून वीज ढकलतो. तेव्हा आपल्याला ऐकू येतो तो फाटका आवाज. स्वच्छ सुराच्या लहरीसाठी हिशेब याच्या निम्म्यावर येतो, सुमारे २६ वॅट. त्यातही आतल्या यंत्रणेत थोडी वीज वाया जाते. म्हणून चांगल्या कंपनीच्या माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत खरा आकडा दिलेला असतो, 'आरएमएस' या नावाखाली. तो साधारण १५ ते २२ वॅटच्या दरम्यान असतो. वेगळा अॅम्प्लिफायर न लावता १२ व्होल्टच्या गाडीत साध्या टेपमधून यापेक्षा फार जास्त मिळत नाही, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

आणि तेवढे पुरतात का? पुरतात. ८०० सारख्या लहान गाडीत तर नेहमीच्या ऐकण्याला दोन-तीन वॅटसुद्धा पुष्कळ होतात. आवाजाचा एक नियम आहे : वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, तीन डेसिबलनं वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटावा तर वॅट सुमारे दहापट लागतात. म्हणून पैसे घालायचे ते टेपच्या वॅटमध्ये नव्हे, स्पीकरमध्ये. स्पीकरच्या खोक्यावर 'सेन्सिटिव्हिटी' म्हणून डेसिबलमध्ये एक आकडा असतो. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला, की टेपचे वॅट दुप्पट केल्यासारखंच झालं, आणि तेही जास्तीची वीज न घेता. माझ्या गाडीतले जुने स्पीकर वीस वर्षांत कागद फाटून खरखरत होते. त्यांच्या जागी त्याच मापाचे साधे, चांगल्या कंपनीचे स्पीकर घातले. सगळ्यात मोठा फरक तिथेच पडला.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, जो दिसत नाही : डॅशबोर्डच्या मागच्या तारा. आमच्या साताऱ्यात एक वयस्कर मोटार इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी नवा टेप घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधीचा रुबाबदार डबा बाहेर ओढला आणि मला म्हणाले, 'साहेब, इकडे या, बघा.' पाहिलं तर तारा नुसत्या पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. उन्हानं पट्टीचा गोंद वितळून ती सुटत आलेली. एका ठिकाणी तांब्याची तार उघडी पडून पत्र्याला टेकायच्या बेतात होती. आणि फ्यूज? फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवलेली. चाचा म्हणाले, 'सायकलवाला तर वाचला. पुढची पाळी तुमची होती.'

फ्यूज हा काय प्रकार आहे, ते थोडक्यात सांगतो. टेपच्या मागे साधारण १० किंवा १५ अॅम्पिअरचा फ्यूज असतो. तारेत कुठे दोष आला आणि वीज जास्त वाहू लागली, तर तार तापायच्या आत फ्यूज वितळतो आणि प्रवाह तुटतो. चांदी गुंडाळली की ती वितळत नाही. मग तार तापते, तारेवरचं प्लॅस्टिक जळतं आणि गाडीला आग लागू शकते. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, तिचा शॉक बसत नाही, म्हणून आपण तिला गरीब समजतो. पण ती क्षणात शंभर-दीडशे अॅम्पिअर देऊ शकते; स्टार्टर तिच्यावरच तर फिरतो. म्हणून फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा नवा फ्यूज घाला; आणि तो पुन्हा उडाला तर दोष शोधा.

तारांचे रंगही समजून घ्या, बरं का. जगभर टेपच्या मागच्या तारांचे रंग बहुतेक ठरलेले आहेत. पिवळी तार थेट बॅटरीकडून, कायम चालू. तांबडी तार किल्ली फिरवल्यावरच चालू होणारी. काळी तार अर्थिंगची, गाडीच्या पत्र्याला. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या. याच रंगांच्या पण काळी रेघ असलेल्या तारा म्हणजे त्या त्या स्पीकरचं ऋण टोक. गाडीच्या स्वतःच्या तारांचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे, तेव्हा 'तांबड्याला तांबडी' असं जोडून चालत नाही.

पिवळी आणि तांबडी यांची अदलाबदल झाली, तर गाडी बंद केली की दर वेळी टेप लावून ठेवलेली स्टेशनं आणि घड्याळ विसरतो. अनेकांना वाटतं टेपच खराब आहे. आणि दोन्ही तारा एकत्र करून थेट बॅटरीला जोडल्या, तर गाडी बंद असतानाही टेप थोडी थोडी वीज खात राहतो. अर्धा अॅम्पिअर जरी गेला, तरी ३५ अॅम्पिअर-तासांची बॅटरी ७० तासांत रिकामी होते. गाडी सुरू न होण्याइतकी तर त्याच्याही आधीच. चार दिवस गावाला जाऊन आलात आणि गाडी ढकलावी लागली, तर आधी हे तपासा.

जुन्या गाड्यांत आणखी एक सापळा असतो. पूर्वीच्या काही रेडिओंत स्पीकरची एक तार सरळ पत्र्याला जोडलेली असायची. आजच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा टेपकडेच यायला हव्यात. त्यातली एक जरी पत्र्याला लागली, तरी टेपचा अॅम्प्लिफायर जळू शकतो. म्हणून चाचांनी माझ्या गाडीत स्पीकरसाठी नव्या तारा ओढल्या. शिवाय पिळून पट्टी लावण्याऐवजी माझ्या गाडीच्या सॉकेटला बसणारा तयार कपलर आणला. एका बाजूनं टेपचा, दुसऱ्या बाजूनं गाडीचा. अशा कपलरला दोन-तीनशे रुपये लागतात, आणि उद्या टेप काढायचा झाला तर गाडीची एकही तार कापावी लागत नाही. माझं म्हणणं असं, की फिटिंगवाला कात्री काढायला लागला की त्याला थांबवा आणि कपलर मागा.

स्पीकरची धन-ऋण टोकं उलटी लागली तर काय होतं? एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. तबल्याचा डग्गा, पखवाज यांसारखे खर्जातले आवाज एकमेकांना मारून टाकतात आणि गाणं पोकळ वाटतं. हे तपासायची चाचांची युक्ती सोपी आहे. टेपपासून सोडवलेल्या स्पीकरच्या दोन तारांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवायचा. स्पीकरचा कागद बाहेर आला, तर सेलच्या धन टोकाला लागलेली तार धन. आत गेला तर उलट.

राहता राहिला रेडिओ. आकाशवाणीवरून बोलताना तो विसरून कसं चालेल? एफएमच्या लहरींची लांबी साधारण तीन मीटर असते, आणि एरियल तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे पाऊण मीटर असली की लहरी चांगल्या पकडते. माझ्या गाडीची एरियल ओढून लांब करायची आहे. ती अर्धीच ओढून लोक 'टेप खरखरतो' अशी तक्रार करतात. मीही करायचो. दुसरं, सिगरेट लायटरच्या भोकात लावायचे स्वस्त मोबाइल चार्जर रेडिओत खरखर घालतात. चार्जर काढून पाहा. खरखर थांबली तर गुन्हेगार सापडला. आणि तुमचं आवडतं केंद्र मध्यम लहरींवर, म्हणजे एएमवर लागत असेल, तर घेण्यापूर्वी टेपला एएम आहे का ते विचारा. आकाशवाणीची मध्यम लहरींवरची अनेक प्रक्षेपणं गेल्या काही वर्षांत बंद झाली, आणि नव्या टेपमधूनही एएम हळूहळू नाहीसं होत आहे.

मी शेवटी कुठला टेप घेतला, ते विचारू नका. कंपनीचं नाव इथून घेतलं तर ती जाहिरात होईल. एवढंच सांगतो : काळा, चमक नसलेला, एक गोल फिरकी, सहा बटणं, पांढरी साधी अक्षरं. सीडीची भानगड नाही, त्यामुळे लांबीनं आखूड. मागे तारा कोंबाव्या लागल्या नाहीत. पेन ड्राइव्ह लागतो, आणि फोनमधली गाणीही ब्लूटूथनं वाजतात. टेप, स्पीकर, कपलर आणि चाचांची मजुरी धरून सगळं मिळून साडेनऊ हजारांत झालं. दुकानातला मुलगा शेवटपर्यंत म्हणत होता, 'काका, हा फारच साधा आहे हो.' मी म्हटलं, 'तेवढ्यासाठीच तर पुण्याला आलो.'

निघताना थोडक्यात उजळणी करतो. आधी गाडीतल्या खणाचं माप घ्या. दुकानात डोळे मिटून परीक्षा घ्या. खोक्यावरचे वॅट सोडून पुस्तिकेतले आरएमएस वॅट पाहा. उरलेले पैसे स्पीकरमध्ये घाला. तार कापू देऊ नका, कपलर मागा, आणि फ्यूज स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. घरी आल्यावर डेमो बंद करा, उजेड मंद करा, आणि तुमची स्टेशनं गाडी उभी असतानाच लावून ठेवा.

परवाच पुन्हा कोरेगावला जाऊन आलो. परतताना तीच वेळ, तोच रस्ता. जाहिरात जोरात लागली. माझा हात पुढे जायच्या आत सौ.नं न बघताच फिरकी फिरवली आणि बाहेरच्या शेतांकडे पाहत राहिली. तो दूधवाला पुन्हा भेटला, तर त्याच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे. गाडीच चालवतोय, पाव्हणं. गाणं आपलं चाललंय बाजूला.